गावाकडचं घर: आधी सावली, मग छत, मग वारा आणि सगळ्यात शेवटी सोलर

गावाकडे नवं घर बांधणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. मोबाइलवर पाहिलेलं एलिव्हेशन पसंत पडतं, त्याच्या आत खोल्या बसवल्या जातात, स्लॅब पडतो, भल्यामोठ्या सरकत्या काचा लागतात. पहिल्याच एप्रिलमध्ये रात्री झोप लागत नाही म्हणून दोन एसी येतात. एसीचं बिल आलं की गच्चीवर सोलर येतं. एवढं झाल्यावर मालक अभिमानाने सांगतो की घर ‘एनर्जी एफिशियंट’ आहे. प्रत्यक्षात घर भट्टीसारखं तापतंच आहे. फक्त ते गार करायची वीज आता स्वतःच्या गच्चीवर तयार होते.

हा क्रम उलटा लावायचा. आधी ऊन घरावर पडू द्यायचं नाही, मग जे पडेल ते आत येऊ द्यायचं नाही, मग रात्रीच्या वाऱ्याने घर निववायचं, आणि त्यानंतर उरलेल्या गरजेपुरती यंत्रं घ्यायची. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत. ते देशावरच्या घरासाठी लिहिले आहेत: पुणे, सातारा, नगर, सोलापूर, मराठवाडा. म्हणजे उन्हाळ्यात दिवसा अडतीस-चाळीस अंश, रात्री बऱ्यापैकी उतरणारा पारा आणि कोरडी हवा. कोकणातल्या दमट हवेत जिथे गणित बदलतं तिथे तसं सांगितलं आहे.

आणखी एक. ‘दक्षिणेला मोठमोठ्या काचा लावा, पानगळीची झाडं लावा’ हा इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला थंड देशांतला आहे. तिथे घर गरम ठेवायचं असतं. आपला प्रश्न नेमका उलटा आहे.

## टप्पा १: नकाशा काढण्याआधी

कागदपत्रांबद्दल इथे लिहीत नाही: सातबारा, बिगरशेती, ग्रामपंचायत हे ज्याच्या त्याच्या तालुक्यानुसार. फक्त एक प्रश्न आर्किटेक्टला सुरुवातीलाच विचारा. सोडायच्या मोकळ्या जागेत पडवी, छज्जे किती बाहेर काढता येतात? पश्चिमेला जागाच उरली नाही तर पुढचा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही.

१.१ दिशा नीट ठरवा. मोबाइलचं होकायंत्र गाडीजवळ, तारेच्या कुंपणाजवळ किंवा सळईच्या ढिगाशेजारी धरलं की फसवतं. पाच फुटांची सरळ काठी ओळंबा लावून रोवा. साडेअकरा ते दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खुंटी ठोका. सगळ्यात आखूड सावलीची रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. पुण्याच्या रेखांशावर ही वेळ घड्याळातल्या बाराला येत नाही, साडेबाराच्या आगेमागे येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हा प्रयोग करू नका. त्या दिवसांत सूर्य माध्यान्हीला जवळपास डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेलाच असतो आणि सावली हाताला लागत नाही.

१.२ वारा आणि झड. उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा कुठून सुटतो आणि पावसाची झड कुठून येते, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. देशावर दोन्हीचं उत्तर बहुतेक ठिकाणी पश्चिम किंवा नैऋत्य असं येतं. पण डोंगराच्या कुशीत, खिंडीच्या तोंडावर किंवा मोठ्या तलावाकाठी ते बदलतं, म्हणून विचारायचंच.

१.३ माती. खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते पाहा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जाड दगडी भिंतींचं स्वप्न असेल आणि मुरूम आठ-दहा फुटांवर असेल, तर पायाच सगळं बजेट खाईल. हे जोत्यापर्यंत आल्यावर कळून उपयोग नाही.

१.४ झाडं आधी लावा. बांधकामाआधीचा पावसाळा वाया घालवू नका. पश्चिम आणि वायव्य बाजूला, भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर कडुनिंब किंवा करंज लावा. वड, पिंपळ, उंबर पायाजवळ नकोत. लवकर सावली हवी म्हणून शेवगा चालेल, पण त्याची फांदी वाऱ्याने मोडते, तेव्हा छतापासून लांब. बहावा दिसायला कितीही सुंदर असला तरी पश्चिमेच्या सावलीसाठी घेऊ नका, कारण ऐन उन्हाळ्यात तो पानं गाळून फुलतो. पांगारा, काटेसावर यांचंही तसंच. आपल्याकडची पानगळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात शिरते, आणि सावली हवी तेव्हाच फांद्या उघड्या असतात.

१.५ घरात कोण राहणार? कायमचं राहायचंय की शनिवार-रविवारी यायचंय, याचं उत्तर लेखी द्या. आठवडाभर बंद असणारं घर वेगळं आखावं लागतं. त्यात जाड भिंती पाच दिवस उष्णता साठवत बसतात, कारण रात्री खिडक्या उघडायला कुणी नसतं. अशा घरात कुलूप लावून गेल्यावरही उघडे राहतील असे गज-जाळीचे झरोके वर आणि खाली ठेवायला लागतात.

> तपासणी: आर्किटेक्टकडे जाताना एका कागदावर उत्तर दिशा, वाऱ्याची दिशा, झडीची दिशा, मुरमाची खोली आणि राहणाऱ्यांची संख्या असली पाहिजे. एलिव्हेशनचे फोटो घरीच ठेवा.

## टप्पा २: खोल्यांची मांडणी

घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला तोंड करतात. कारण साधं आहे. दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, त्याला छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेची भिंत शक्य तेवढी आखूड.

त्या आखूड भिंतीला काय लावायचं? जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली, भिंतीतली कपाटं. किंवा सरळ आठ फूट खोल पडवी. माणूस जिथे संध्याकाळी बसतो आणि रात्री झोपतो ती खोली उघड्या पश्चिम भिंतीला टेकलेली नको.

इथे वास्तूचा मुद्दा येतोच. घरच्या कर्त्या माणसाची झोपायची खोली नैऋत्येला, असं सांगितलं जातं. आणि नैऋत्य कोपरा दुपारभर सगळ्यात जास्त तापतो. यावर वाद घालत बसू नका, विशेषतः घरातल्या मोठ्यांशी. खोली नैऋत्येलाच ठेवा, पण तिच्या पश्चिमेला बाथरूम आणि कपाटांची रांग घ्या किंवा बाहेरून पडवी ओढा. वास्तूही सांभाळली जाते आणि झोपही. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, या म्हणण्याला मात्र आपला वारा अनुकूल आहे: पश्चिमेकडून वारा येत असेल तर फोडणीचा धूर आणि चुलीची धग घरात न फिरता बाहेर जाते.

चौक हवासा वाटत असेल तर थांबून विचार करा. मेमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर असल्याने दहा बाय दहाच्या चौकात भर दुपारी फरशीवर सरळ ऊन पडतं. काळ्या फरशीचा चौक मग चारी बाजूंच्या खोल्यांना शेकत राहतो. चौकात झाड, माती आणि वर उन्हाळ्यापुरती कापडाची किंवा वेलीची सावली असेल तरच तो गारवा देतो. बाराशे-पंधराशे फुटांच्या घरात तेवढी जागा पडवीला देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

> सावधान: ‘समोर रस्ता पश्चिमेला आहे, म्हणून हॉलची मोठी काच पश्चिमेला’ ही देशावरच्या बंगल्यांतली सगळ्यात महागडी ओळ आहे. दार पश्चिमेला ठेवा, समोर खोल ओसरी घ्या, काच उत्तरेला न्या.

## टप्पा ३: छत

एकमजली घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन खाणारा भाग एकच: छत. भिंतींना आळीपाळीने सावली मिळते, छताला कधीच नाही. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. बाहेर अंगणात गार वाटतं आणि आत पंखा गरम हवा फेकतो, त्यामागे हेच असतं. पैसे मर्यादित असतील तर बाकी सगळं कमी करा, छताच्या खर्चाला हात लावू नका.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ काढली. ती ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटसाठी आहे, पण लहान घरालाही तिची पट्टी लावून पाहायला हरकत नाही. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, जास्तीत जास्त १.२ मान्य आहे. नुसत्या पाच-सहा इंची स्लॅबचा हा आकडा तीनच्या वर जातो. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (घट्ट फोमचा उष्णतारोधक) बोर्ड टाकला की तो ०.५ ते ०.६ वर उतरतो.

इन्सुलेशन स्लॅबच्या वर टाकायचं, खाली नाही. खालून पीओपीचं छत मारलं तर थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापतच राहतो, आणि छताच्या पोकळीत उंदीर-पाली संसार थाटतात. वरून झाकला तर तोच जड स्लॅब रात्रीचा गारवा धरून ठेवतो आणि दिवसा खोलीला देतो.

कामाचा क्रम असा:

1. स्लॅब ओतण्याआधी पंख्याचे हूक, वायरिंगचे पाइप, सोलर हीटरचे पाइप आणि गच्चीवरून खाली यायचा सोलरचा मोकळा पाइप टाकून घ्या.
2. सोलर पॅनेल आणि टाकीच्या स्टँडसाठी काँक्रीटचे ठोकळे स्लॅबसोबतच किंवा वॉटरप्रूफिंगच्या आधी बांधा.
3. उतार द्या: शंभर फुटाला एक फूट किमान. पाणी जायचे पाइप चार इंची, आणि एकापेक्षा जास्त.
4. वॉटरप्रूफिंग करा. कठड्याशी गोलाई घेऊन ते फूटभर वर चढवा.
5. गच्चीत पाणी साठवून किमान ४८ तास ठेवा. खाली प्रत्येक खोलीत जाऊन छत पाहा, विशेषतः पाइपांच्या भोवती.
6. एक्सपीएसचे बोर्ड एकमेकांना घट्ट भिडवून, विटांसारखे सांधे मोडत अंथरा. फटी राहिल्या तर तिथून उष्णता उतरते.
7. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घालून दीड-दोन इंच काँक्रीट, मध्ये सांधे सोडून.
8. वर पांढरी चायना मोझॅक किंवा पांढरी टाइल.

यातल्या पाचव्या पायरीला ठेकेदार घाई करतात. पाण्याची परीक्षा इन्सुलेशननंतर केली तर गळती कुठली हे शोधायला सगळं उकरावं लागतं. दुसरी ठरलेली चूक म्हणजे स्वस्त पडतो म्हणून पॅकिंगचा मऊ थर्माकोल वापरणं. तो वजनाने दबतो, पाणी पितो आणि दोन पावसाळ्यांत निकामी होतो.

बजेट नसेल तर? पांढरा परावर्तक रंग हा सगळ्यात स्वस्त उपाय. फक्त धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची आणि दर दोन-तीन वर्षांनी हात मारायचा. गावोगाव गच्चीवर पत्र्याचं शेड घालतात ते दिसायला ओबडधोबड असलं तरी उष्णतेच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण स्लॅबला सावली मिळते. अट एवढीच की बाजू उघड्या हव्यात आणि वळवाच्या वादळात पत्रा उडू नये असं अँकरिंग हवं. मंगलोरी कौलं घालायची असतील तर खाली लाकडी किंवा सिमेंट बोर्डाचं छत आणि मध्ये हवा खेळती हवी. शिवाय गावात वानरं किती आहेत ते आधी विचारा.

## टप्पा ४: भिंती

‘दगडी घर गार असतं’ हे अर्धं खरं आहे. अठरा इंची काळ्या दगडाची भिंत ऊन खाते आणि आठ-दहा तासांनी आत सोडते. ती सावलीत असेल तर उत्तम. तीच पश्चिमेला उघडी असेल तर संध्याकाळी चारची उष्णता मध्यरात्रीनंतर तुमच्या उशाशी येते. जुने वाडे गार होते ते नुसत्या दगडामुळे नव्हे; भिंतींपुढे ओसरी होती आणि वर पांढऱ्या मातीचं जाड माळवद.

पर्याय निवडताना असा विचार करा:

- नऊ इंची वीट: गवंड्याला सरावाची आणि दुरुस्तीला सोपी. सावली असेल तर पुरेशी. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणं, तुमच्या गवंड्याला येत असेल तर विटा सुमारे पाव भाग वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी येते. येत नसेल तर आधी कुंपणाच्या भिंतीवर हात बसवून घ्या, घरावर नको.
- एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचा हलका सिमेंटचा ब्लॉक): उष्णता अडवण्यात विटेपेक्षा बराच सरस. पश्चिम भिंतीसाठी हाच माझा पहिला पर्याय. पण जाड सिमेंट-वाळूच्या मालाने लावला, जोडांवर जाळी मारली नाही, तर भेगा पडतात. ब्लॉकसाठीचा पातळ थराचा माल लागतो आणि गवंड्याला तो येतो का हे आधी पाहा.
- सहा इंची ब्लॉकची उघडी भिंत, बाहेरून गडद रंग: हे करू नका. सध्या राखाडी-काळ्या एलिव्हेशनची हौस आली आहे. पश्चिमेला तरी पांढरा किंवा फिकट रंग ठेवा.

कोकणात जाड, जड भिंतीचा फायदा फारसा मिळत नाही. तिथे रात्रही उबदार असल्याने भिंत निवतच नाही. तिथे पैसे खोल ओसरी, उतरतं छप्पर आणि मोठ्या उघडणाऱ्या खिडक्यांवर खर्च करा.

> तपासणी: पश्चिमेच्या भिंतीपुढे मे महिन्यात चार वाजता काय उभं असेल? पडवी, झाड, जाळीची भिंत, वेल, काहीतरी सांगता आलं पाहिजे. ‘काही नाही’ हे उत्तर असेल तर नकाशा परत.

## टप्पा ५: खिडक्या आणि छज्जे

छज्जा सगळीकडे दीड फूट, ही आपली पद्धत. सेंट्रिंगवाल्याला सोपं पडतं. पण चार दिशांना ऊन चार प्रकारे येतं.

दक्षिण. पुण्याच्या अक्षांशावर २१ मार्चला माध्यान्हीचा सूर्य साधारण ७१ अंश उंच असतो. खिडकीच्या डोक्यालगत दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली जवळपास सहा फूट खाली पडते, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. ऑक्टोबर हीटमध्ये, महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, हीच सावली साडेतीन फुटांच्या आसपास असते, तेवढी पुरते. २२ डिसेंबरला सूर्य ४८ अंशांवर उतरतो, सावली सव्वादोन फूटच पडते आणि खिडकीच्या खालच्या भागातून हवंहवंसं ऊन आत येतं. एवढं काम एक दोन फुटी छज्जा फुकट करतो.

पश्चिम. तोच दोन फुटांचा छज्जा एप्रिलच्या मध्याला दुपारी साडेचार वाजता सव्वा फूटभर सावली देतो, साडेपाचला जेमतेम आठ इंच. म्हणून पश्चिमेला छज्जा वाढवत बसू नका. खिडकी लहान करा, तिच्यापुढे पडवी, उभ्या पट्ट्या, बांबूचा बाहेरून सोडायचा पडदा किंवा लाकडी झडपा घ्या.

उत्तर. उत्तरेला ऊन येत नाही, असं बरेच जण धरून चालतात. जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीच्या पश्चिम बाजूला दीड फुटाची उभी पडदी घ्या. बाकी उत्तरेसारखा उजेड नाही. मोठी खिडकी हवी असेल ती इथेच.

पूर्व. सकाळी नऊनंतरचं ऊन झाडाने किंवा पडद्याने अडवा. पुरे.

आता उघडण्याचं गणित. इको-निवास संहितेनुसार उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या भागात खोलीच्या जमिनीच्या किमान १० टक्के, मिश्र हवामानात १२.५ टक्के आणि दमट भागात १६.६६ टक्के हवं. बारा बाय बाराच्या खोलीला १२.५ टक्क्यांनी १८ चौरस फूट लागतात. पाच बाय चारची सरकती खिडकी २० चौरस फुटांची दिसते, पण तिचा निम्माच भाग उघडतो, म्हणजे १०. तीच खिडकी कब्जाची, बाहेर उघडणाऱ्या पानांची केली की जवळजवळ पूर्ण उघडते. मच्छरजाळीने वारा आणखी घटतो. तेव्हा आकडा काठावर ठेवू नका.

> सावधान: आतला जाड पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. सावली काचेच्या बाहेर हवी.

## टप्पा ६: वारा

देशावरचा पेच हा की चांगला वारा आणि वाईट ऊन एकाच बाजूने येतं. पश्चिम पूर्ण बंद केली तर घर कोंडतं, उघडली तर तापतं. उत्तर: पडवीच्या मागे, सावलीत उघडणाऱ्या खिडक्या. पडवी ऊन आणि झड दोन्ही खाते आणि वारा आत सोडते.

वारा आत आला तर त्याला बाहेर जायला वाट हवी. प्रत्येक झोपायच्या खोलीला दोन वेगळ्या भिंतींना उघडं पाहिजे. दुसरी खिडकी शक्य नसेल तर दारावर उघडणारं व्हेंटिलेटर. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेएवढी किंवा मोठी. छताजवळ, पूर्वेच्या बाजूला झरोके ठेवले तर गरम हवा तिथून निघते. जिन्याच्या वरच्या टोकाला उघडणाऱ्या लुव्हर (तिरप्या पट्ट्यांच्या झडपा) दिल्या तर जिनाच धुराड्याचं काम करतो.

घर चालवायची पद्धतही ठरलेली आहे: रात्री आठनंतर सगळं उघडं, सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद, पडदे ओढलेले. दिवसा ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची चाळीस अंशांची हवा आत खेळते. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या तर गज, जाळी आणि पावसापासून आडोसा हे नकाशातच हवं, नाहीतर भीतीपोटी खिडकी बंद राहते आणि सगळं मुसळ केरात.

## टप्पा ७: वायरिंग, पंखे, गरम पाणी

पंखे. साधा छताचा पंखा ७०–८० वॉट घेतो, बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. सहा पंखे दिवसाला बारा तास चालले तर पहिल्याला रोज सुमारे साडेपाच युनिट, दुसऱ्याला दोनच्या थोडं वर.

एसी. एकच खोली एसीची ठरवा: लहान, सावलीतली, दाराला रबरी पट्टी असलेली. बाकी घराला एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, पण एक खिडकी उघडी ठेवूनच. कोकणात कूलर घेऊ नका.

गरम पाणी. सोलर हीटर बाथरूमच्या डोक्यावर, जवळात जवळ. पाऊण इंची पाइप पन्नास फूट लांब गेला तर त्यात साडेचार-पाच लिटर पाणी अडकतं आणि दर वेळी आधी ते थंड पाणी सोडून द्यावं लागतं. पाइपला इन्सुलेशन गुंडाळा. गार पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीपेक्षा वर हवा. हे न पाहता स्टँड बांधल्यावर मग पंप बसवावे लागतात. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या फ्लॅट प्लेटमध्ये क्षार बसतो, काचेच्या नळ्यांचा हीटर तिथे जास्त टिकतो.

दोन बोर्ड. मुख्य डीबीशेजारी (डीबी म्हणजे घरभर वीज वाटणारा बोर्ड) ‘अत्यावश्यक’ वेगळा डीबी घ्या: दिवे, पंखे, फ्रिज, वाय-फाय. पंप, गिझर, एसी त्यात नकोत. प्लास्टर झाल्यावर हे वेगळं करायचं म्हणजे भिंती फोडणं. वेगळा डीबी कशासाठी, ते पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ८: सोलर

आधी बेरीज करा. वरच्या पद्धतीच्या घरात पंखे दोन युनिट, फ्रिज एक, दिवे-टीव्ही-चार्जिंग एक, एक अश्वशक्तीचा पंप तासभर म्हणजे एक, आणि उन्हाळ्यात एक एसी सहा तास म्हणजे सात-आठ. उन्हाळा सोडला तर दिवसाला पाच-सहा युनिट. आपल्याकडे एक किलोवॉट सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे दोन किलोवॉटमध्ये भागतं. उघड्या स्लॅबच्या, तीन एसींच्या घराला पाच किलोवॉटही पुरत नाही.

‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ पासून आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे. पॅनेल देशी बनावटीचीच हवीत. अर्ज करायच्या दिवशीचे नियम पोर्टलवर वाचून घ्या, एजंटाच्या तोंडून नको.

सगळ्यात मोठा गैरसमज: साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच असतं. गावात वीज वारंवार जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ती फक्त टप्पा ७ मधल्या अत्यावश्यक डीबीला जोडायची. तो वेगळा नसेल तर एकदा पंप सुरू झाला की बॅटरी तळाला.

सावली. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंश कलती. पाण्याची टाकी नैऋत्येला असेल तर दुपारनंतर तिची सावली पॅनेलवर येते. डिसेंबरमध्ये सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास वस्तूच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब सावली पडते. दहा फुटी टाकीपासून अठरा फूट अंतर धरा. दक्षिणेची झाडं किती वाढतील तेही बघा. पॅनेल सात-आठ फूट उंच स्टँडवर घेतली तर खालच्या स्लॅबला सावली आणि वापरायला जागा मिळते, पण स्टँड वाऱ्याला टिकेल असं इंजिनिअरकडून तपासून घ्या.

आणि घाई करू नका. पाइप आणि ठोकळे तयार ठेवून घरात एक उन्हाळा काढा. मेच्या एका आठवड्यात रोज दुपारी चार आणि रात्री दहाला साध्या थर्मामीटरने झोपायच्या खोलीचं आणि बाहेरच्या सावलीतलं तापमान लिहा. चारला आतलं बाहेरपेक्षा कमी हवं. रात्री दहाला, खिडक्या उघडून दोन तास झाल्यावरही, आत चार-पाच अंश जास्त असतील तर छताला किंवा पश्चिम भिंतीला हात लावून पाहा. जे तापलेलं लागेल त्याची दुरुस्ती आधी करा. बारा महिन्यांची बिलं हातात आली की त्यांतल्या युनिटांची बेरीज करून ३६५ ने भागा, आलेल्या आकड्याला चारने भागा. तेवढ्या किलोवॉटची ऑर्डर द्या.